ॲनीलिंगनंतर पट्टी मऊ होण्याऐवजी कडक का झाली? (मध्यम मँगनीजचे पोलाद)

भट्टीकाम

नमस्कार मंडळी.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत माझे हीट ट्रीटमेंटचे छोटे युनिट आहे. रोटाव्हेटरची पाती, कल्टिव्हेटरचे फण, दालमिलचे शाफ्ट आणि जिनिंगच्या यंत्रांचे काही सुटे भाग अशी कामे मी २२ वर्षे करत आलो आहे. पोलाद लाल करून पाण्यात किंवा तेलात बुडवले की कडक होते आणि भट्टीत धरून सावकाश निवू दिले (यालाच ॲनीलिंग म्हणतात) की मऊ होते, हे मी या सगळ्या काळात पक्के धरून चाललो होतो. गेल्या महिन्यात त्या समजुतीला धक्का बसला, म्हणून हा धागा काढतो आहे.

भुसावळची एक विद्यार्थिनी तिच्या प्रकल्पासाठी ३ मिलिमीटर जाडीच्या, गरम लाटलेल्या पट्ट्या घेऊन आली. पोलादात कार्बन ०.१५ टक्के आणि मँगनीज ७ टक्के होते. तिच्या सांगण्यावरून मी एक पट्टी ६०० अंशांवर, दुसरी ६४० अंशांवर आणि तिसरी ७२० अंशांवर प्रत्येकी एक तास धरली आणि तिन्ही बाहेर काढून साध्या हवेत निवू दिल्या. तेल नाही, पाणी नाही, पंखासुद्धा नाही.

६०० ची पट्टी वाकली, पण बाहेरच्या बाजूला बारीक चीर दिसली. ६४० ची पट्टी इंग्रजी यू अक्षरासारखी पूर्ण वाकली, आणि विशेष म्हणजे जसजशी वाकत गेली तसतसा जोर अधिक लावावा लागला. ७२० ची पट्टी मात्र इतकी कडक निघाली की कानस तिला जेमतेम लागत होती, आणि व्हाइसमध्ये धरून वाकवायला घेताच ती तुटली.

माझा प्रश्न सरळ आहे. उष्णता जास्त दिली तर पोलाद अधिक मऊ व्हायला हवे होते, तर मग न विझवता ते कडक कसे झाले? आणि मधलीच पट्टी सर्वांत चांगली का निघाली?

रुळांची_राखण

भाऊ, मी भुसावळ विभागात रुळांच्या कामावर बरीच वर्षे काढली. सांध्यावरचे क्रॉसिंग, म्हणजे रूळ एकमेकांना छेदतात तिथला तुकडा, मँगनीज पोलादाचे असते आणि त्याबाबत आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच ताकीद असे, की या पोलादाला गरम होऊ देऊ नका. वेल्डिंग करतानासुद्धा थोडा वेळ भरायचे, निवू द्यायचे, मग पुढचा थर, असा क्रम असे, कारण ते सुमारे ३०० अंशांच्या वर फार वेळ राहिले की ठिसूळ होते. तुम्ही तर ते तासभर ७२० वर ठेवले. ते तुटणारच होते. मला तर ६४० ची पट्टी तुटली नाही याचेच आश्चर्य वाटते.

निवृत्त_धातुतज्ज्ञ

रुळांची_राखण यांचा अनुभव शंभर टक्के खरा आहे, पण तो दुसऱ्या पोलादाचा आहे, आणि हा गोंधळ इतक्या वेळा होतो की तो आधी सोडवलेला बरा.

क्रॉसिंगचे पोलाद म्हणजे रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये शेफिल्डला शोधलेले पोलाद. त्यात मँगनीज ११ ते १४ टक्के आणि कार्बन १ टक्क्याहून जास्त असतो. ते १००० अंशांच्या वर तापवून पाण्यात विझवले की संपूर्ण पोलाद ऑस्टेनाइट या एकाच अवस्थेत (एरवी फक्त तापलेल्या पोलादात आढळणाऱ्या अणुरचनेत) राहते, म्हणजे विझवल्यावर ते मऊ आणि चिवट होते, आणि चाकांचे आघात बसतील तसा त्याचा पृष्ठभाग कडक होत जातो. तेच पोलाद पुन्हा तापवले, तर विरघळलेला भरपूर कार्बन पोलादातल्या सूक्ष्म स्फटिक-कणांच्या सीमांवर कार्बाइडच्या, म्हणजे धातू आणि कार्बनच्या संयुगाच्या, रूपाने बाहेर पडतो आणि पोलाद ठिसूळ होते.

भट्टीकाम यांच्या पट्टीत कार्बन त्याच्या आठव्या हिश्शाइतकाच आहे. अशा, साधारण ३ ते १२ टक्के मँगनीज आणि कमी कार्बन असलेल्या पोलादांना मध्यम मँगनीजची पोलादे म्हणतात. इथे ६००–७०० अंशांची उष्णता दोष निर्माण करत नाही, उलट सारे गुण तिथेच घडतात. आर. एल. मिलर यांनी १९७२ मध्ये ५.७ टक्के मँगनीजच्या पोलादावर हे दाखवले होते. पुढे मोटारींसाठी हलके आणि बळकट पत्रे हवेत अशी निकड निर्माण झाली, तेव्हा २००७ च्या सुमारास मर्विन यांच्या कामापासून हा विषय पुन्हा जोमाने पुढे आला.

ऐरण

माझे आजोबा अमळनेरजवळच्या गावात लोहारकाम करत. विळ्याला किंवा कुऱ्हाडीला पाणी द्यायचे, तर धारेचा रंग पाहून नेमक्या क्षणी पाण्यात बुडवायचे, हे त्यांचे कौशल्य होते, आणि गावोगावचे लोक त्या पाण्यासाठी येत. म्हणून मला भट्टीकाम यांच्या प्रश्नाचा पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पाणी न देता कडकपणा आला कुठून?

निवृत्त_धातुतज्ज्ञ

ऐरण, तुमच्या आजोबांना पाणी घाईने द्यावे लागे, कारण साध्या कार्बनच्या पोलादात ऑस्टेनाइट जरा सवड मिळताच फेराइट आणि पर्लाइट या मऊ घटकांत मोडते. ती सवड मिळू नये म्हणून पाणी. मँगनीज ही मोडतोड फार लांबणीवर टाकते. ७ टक्के मँगनीज असेल, तर हवेत निवतानाही ऑस्टेनाइटला फेराइट होण्याइतका वेळ मिळत नाही, आणि ते थेट मार्टेन्साइटमध्ये, म्हणजे विझवलेल्या पोलादाच्या कडक अवस्थेत, पालटते. ७२० अंशांवर तुमची पट्टी जवळजवळ पूर्ण ऑस्टेनाइट झाली होती. भट्टीतून काढली आणि हवेनेच तिला पाणी दिले.

भट्टीकाम

हे समजले आणि पटलेही. पण मग ६४० ला ऑस्टेनाइट तयार झाले असेल, तर तेही निवताना मार्टेन्साइट का झाले नाही?

कणसीमा

काका, त्या पट्ट्या माझ्याच. तुम्ही हा प्रश्न सगळ्यांसमोर मांडलात हे फार चांगले केलेत, कारण माझ्या प्रकल्पाचा गाभा नेमका हाच आहे. मी समजले आहे तसे आकड्यांनिशी मांडते. चुकल्यास सरांनी दुरुस्त करावे.

६०० ते ७०० अंशांच्या दरम्यान फेराइट आणि ऑस्टेनाइट या दोन्ही अवस्था एकत्र नांदतात. या तापमानाला धरले, की कार्बन आणि मँगनीज हे दोन्ही फेराइट सोडून ऑस्टेनाइटमध्ये गोळा होतात, कारण ऑस्टेनाइटमध्ये त्यांना सामावून घेण्याची क्षमता अधिक असते. आता ऑस्टेनाइट निवताना कोणत्या तापमानाला मार्टेन्साइट होऊ लागेल, याचे अँड्र्यूज यांचे १९६५ चे सूत्र आहे: ५३९ मधून कार्बनच्या टक्केवारीच्या ४२३ पट आणि मँगनीजच्या टक्केवारीच्या ३०.४ पट वजा करायचे. हे सूत्र कमी मिश्रणाच्या पोलादांसाठी बसवलेले आहे, त्यामुळे इथे ते दिशा दाखवण्यापुरतेच घ्यावे.

समजा, धरण्याच्या तापमानाला पट्टीत ३० टक्के ऑस्टेनाइट आहे. जवळजवळ सगळा कार्बन त्यात शिरला, तर ऑस्टेनाइटमधला कार्बन ०.४८ टक्के होईल. मँगनीज ऑस्टेनाइटमध्ये ११ आणि फेराइटमध्ये ५.३ टक्के असे वाटले गेले, तर एकूण बेरीज ७ वर जुळते. सूत्रात घातल्यावर उत्तर येते सुमारे २ अंश. म्हणजे पट्टी जळगावच्या हवेत कितीही वेळ ठेवली, तरी ते ऑस्टेनाइट जसेच्या तसे राहील.

आता समजा तापमान वाढवले आणि ऑस्टेनाइट ६० टक्के झाले. तेवढाच कार्बन आणि तेवढेच मँगनीज आता दुप्पट जागेत पसरायचे आहे. कार्बन ०.२४५ आणि मँगनीज ८.२ टक्के धरले, तर उत्तर येते १८६ अंश. म्हणजे निवताना १८६ अंशांपासूनच मार्टेन्साइट होऊ लागेल, आणि कॉइस्टिनेन–मारबर्गर यांच्या १९५९ च्या सूत्राप्रमाणे ३० अंशांपर्यंत येईतो त्यातले सुमारे ८२ टक्के पालटून जाईल. शिल्लक राहील ते संपूर्ण पट्टीच्या जेमतेम ११ टक्के.

आणि पट्टी पूर्ण ऑस्टेनाइट झाली, तर कार्बन ०.१५ आणि मँगनीज ७ हेच आकडे सूत्रात जातील आणि उत्तर येईल २६३ अंश.

म्हणजे भट्टीत ऑस्टेनाइट जितके वाढवावे, तितके ते पातळ होते आणि निवल्यावर हाती कमी लागते. भट्टीत फार कमी ऑस्टेनाइट असले, तर ते पक्के असते पण पुरेसे नसते. मधे कुठेतरी शिल्लक ऑस्टेनाइटचे शिखर येते. आपल्या तीन पट्ट्यांपैकी ६४० ची पट्टी त्या शिखराच्या जवळपास असावी.

निवृत्त_धातुतज्ज्ञ

आकडेमोड योग्य आहे. दोनच गोष्टी जोडतो. अशा पोलादात ऑस्टेनाइटचे कण एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) लहान असतात, आणि कण जितका लहान तितके त्याचे मार्टेन्साइट होणे अवघड, त्यामुळे प्रत्यक्षात ऑस्टेनाइट सूत्राच्या अंदाजापेक्षा अधिक टिकते. दुसरे म्हणजे, ६०० च्या पट्टीत कार्बनचा काही भाग सिमेंटाइटमध्ये, म्हणजे लोखंड आणि कार्बनच्या संयुगात, अडकून राहिला असण्याचा संभव आहे. तो मोकळा झाल्याखेरीज ऑस्टेनाइटला मिळत नाही.

काळी_जमीन

मी शहाद्याला शेती अवजारांची विक्री आणि दुरुस्ती करतो. सगळे वाचतो आहे, पण एक गोष्ट कळली नाही. ऑस्टेनाइट शिल्लक राहिले, याचा पट्टीच्या वाकण्याशी काय संबंध? माझ्या समजुतीप्रमाणे तर ऑस्टेनाइट मऊ असते.

कणसीमा

दादा, संबंध असा आहे. पट्टी ताणली किंवा वाकवली, की जिथे सर्वांत जास्त ताण पडतो, तिथले ऑस्टेनाइट मार्टेन्साइटमध्ये पालटते. म्हणजे जिथे पट्टी बारीक होऊन तुटायला निघाली असती, नेमकी तीच जागा कडक होते, आणि ताण शेजारच्या, अजून मऊ असलेल्या भागाकडे सरकतो. मग तो भाग कडक होतो आणि ताण आणखी पुढे जातो. या क्रमामुळे संपूर्ण पट्टी एकसारखी लांबत जाते. काकांना वाकवताना जोर वाढवावा लागला तो यामुळेच.

मात्र ऑस्टेनाइट कच्चे असेल, तर ते पहिल्या थोड्या ताणातच सगळे पालटून जाते आणि पुढे कामाला काही उरत नाही. फाजील पक्के असेल, तर ते पालटतच नाही आणि शिल्लक असूनही उपयोगाचे ठरत नाही. ताण वाढत जाईल तसे हळूहळू पालटणारे ऑस्टेनाइट हवे असते. म्हणून ऑस्टेनाइट किती, या प्रश्नाइतकाच ते किती पक्के, हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

चांगल्या उष्मोपचाराने या पोलादांत १००० मेगापास्कलच्या आसपास ताणसामर्थ्य आणि ३० टक्क्यांच्या आसपास लांबीवाढ एकत्र मिळू शकते. तेवढ्याच सामर्थ्याचे नेहमीचे दुहेरी अवस्थेचे पत्रे १० ते १५ टक्क्यांच्या आसपास थांबतात.

रुळांची_राखण

फरक समजावून सांगितल्याबद्दल आभार. आम्ही क्रॉसिंगचा तुकडा ओळखायला चुंबक लावून पाहतो. ऑस्टेनाइटला चुंबक चिकटत नाही. मग ६४० च्या पट्टीलाही चुंबक लावून ऑस्टेनाइट आहे की नाही ते कळेल का?

कणसीमा

काका, चुंबक चिकटेल, कारण पट्टीचा मोठा भाग फेराइटच आहे. ओढ किंचित कमी असेल, पण हाताला ते कळणार नाही. चुंबकीय गुणावरूनच मोजणारी उपकरणे असतात. नेमके प्रमाण क्ष-किरण विवर्तनाने काढतात. त्यात एक फसगत होते, ती मी स्वतः अनुभवली. पट्टी घासून चकचकीत करताना पृष्ठभागावरचे ऑस्टेनाइट घासण्याच्या ताणानेच मार्टेन्साइट होते, आणि मोजमाप खऱ्यापेक्षा कमी येते. माझे पहिले तीन नमुने असे वाया गेले. आता शेवटचा थर विद्युत-रासायनिक पॉलिशने काढते.

ओतशाळा_धुळे

धुळ्याला आमची इंडक्शन भट्टीची ओतशाळा आहे. हीट ट्रीटमेंटची चर्चा चालू असताना ओतकामाचे बोलतो, पण हा विषय इथूनच सुरू होतो, म्हणून लिहितो.

असे पोलाद बनवून द्या, अशी विचारणा आमच्याकडे एकदा झाली होती, तेव्हा दोन अडचणी लक्षात आल्या. पोलादात मँगनीज घालायला वापरतात त्या हाय कार्बन फेरोमँगनीज या मिश्रधातूत मँगनीज सुमारे ७५ टक्के आणि कार्बन ७ टक्क्यांच्या आसपास असतो. १०० किलो पोलादात ७ किलो मँगनीज घालायचे, तर असे फेरोमँगनीज ९ किलोहून अधिक लागते, आणि त्यातून ०.६५ किलो कार्बन आत येतो. तुम्हाला कार्बन हवा ०.१५. म्हणजे महाग लो कार्बन फेरोमँगनीज किंवा विद्युत पद्धतीने शुद्ध केलेले मँगनीज घेण्यावाचून इलाज नाही. दुसरी अडचण भट्टीच्या आतल्या अस्तराची. मँगनीजचा ऑक्साइड सिलिकाच्या अस्तराला खातो, म्हणून मॅग्नेसियाचे अस्तर लागते. आमची भट्टी सिलिकाची, त्यामुळे आम्ही नम्रपणे नकार दिला.

वैनगंगा

ओतशाळा_धुळे यांच्याशी सहमत. मी मूळचा भंडाऱ्याचा. डोंगरी बुजुर्ग, चिखला, आणि पलीकडे बालाघाट, या आमच्या मँगनीजच्या खाणी. खनिज आपल्या राज्यात आहे, पण खनिजातला फॉस्फरस हा मध्यम मँगनीजच्या पोलादात मोठा शत्रू आहे, कारण तो कणांच्या सीमांवर जाऊन बसतो आणि सीमा कमकुवत करतो. म्हणून नुसते मँगनीज मिळून भागत नाही, ते स्वच्छही हवे.

कणसीमा

वैनगंगा यांनी कणांच्या सीमांचा उल्लेख केला म्हणून लिहिते. ७२० च्या पट्टीची तुटलेली बाजू मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. तुटलेली जागा खडीसाखरेसारखी दिसते, म्हणजे भेग कणांच्या पोटातून न जाता कणांच्या सीमांवरून गेली आहे. म्हणून पट्टी केवळ कडक आहे एवढेच नाही, तिच्या सीमाही दुबळ्या आहेत.

निवृत्त_धातुतज्ज्ञ

हे निरीक्षण फार मोलाचे आहे. मँगनीज स्वतःसुद्धा मार्टेन्साइटच्या कणसीमा दुबळ्या करते. कुझमिना, पोंगे आणि राबे यांनी जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या माक्स प्लांक संस्थेत ९ टक्के मँगनीजच्या पोलादावर केलेले काम २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. विझवलेले पोलाद ४५० अंशांवर धरल्यास सीमांवर मँगनीज गोळा होऊन ते आणखी ठिसूळ होते, पण ६०० अंशांवर धरल्यास त्याच सीमांवर ऑस्टेनाइटचे पातळ थर उगवतात आणि पोलाद चिवट होते, असे त्यांनी दाखवले. म्हणून जाड जॉब असेल आणि तो भट्टीतच सावकाश निवत असेल, तर ४५० च्या आसपासचा टप्पा रेंगाळता कामा नये. भट्टीकाम, तुमच्या पट्ट्या पातळ आहेत आणि हवेत निवल्या, तेव्हा तो दोष इथे नसावा.

भट्टीकाम

सर, मला यातून एक अडचण दिसते, ती व्यवहारातली आहे. माझ्या भट्टीत दाराजवळ आणि मागच्या भिंतीजवळ १५ अंशांचा फरक पडतो. बोरॉन पोलादाची पाती ८८० ला तापवून तेलात टाकायची असतील, तर या फरकाने काही बिघडत नाही. पण इथे ६०० ला चीर, ७२० ला तुकडे, आणि चांगले ते मधेच कुठेतरी. अशा अरुंद खिडकीत धंदा करायचा म्हणजे एकाच खेपेतले दाराजवळचे आणि मागचे जॉब वेगळ्या गुणांचे निघणार.

निवृत्त_धातुतज्ज्ञ

अडचण खरी आहे, आणि मोठ्या पोलाद कारखान्यांपुढेही तीच आहे. त्यावर मुख्य उपाय ॲल्युमिनियमचा. १ ते ३ टक्के ॲल्युमिनियम घातले, की दोन अवस्था एकत्र राहण्याचा पट्टा वरच्या तापमानाकडे सरकतो आणि रुंदही होतो, त्यामुळे तापमान थोडे इकडेतिकडे झाले तरी ऑस्टेनाइटचे प्रमाण फारसे बदलत नाही. शिवाय सिमेंटाइट बनणे अवघड होते, आणि वरच्या तापमानाला मँगनीज लवकर सरकत असल्यामुळे तासांचे काम मिनिटांत होण्याची शक्यता निर्माण होते. पत्रा सलग चालत्या भट्टीतून नेणाऱ्या कारखान्यांना ही मिनिटेच महत्त्वाची असतात, कारण तिथे पत्र्याला मिळणारा वेळ तेवढाच असतो.

ऐरण

मँगनीज सरकायला इतका वेळ का लागतो? कार्बनला लागत नाही का?

कणसीमा

कार्बनचा अणू लहान असतो, तो लोखंडाच्या अणूंच्या फटींतून निघून जातो. मँगनीजचा अणू लोखंडाएवढाच मोठा, त्याला शेजारची जागा रिकामी होईपर्यंत थांबावे लागते. सारंगखेड्याच्या यात्रेत गर्दीतून लहान मूल सहज पुढे जाते, बैलगाडीला मात्र वाट मोकळी व्हावी लागते, तसे हे आहे. त्यातही फेराइटमध्ये मँगनीज बऱ्यापैकी चालते, पण ऑस्टेनाइटमध्ये फारच मंद. म्हणून ऑस्टेनाइटच्या कडेला मँगनीज जास्त आणि गाभ्यात कमी, अशी स्थिती बराच काळ राहते. आमच्या एक तासात मँगनीजची वाटणी पुरी झालेली नसावी. काका, तुमची हरकत नसेल तर पुढच्या वेळी सहा तास धरून पाहायचे आहे.

भट्टीकाम

हरकत नाही. रात्रपाळीत भट्टी रिकामी असते. फक्त विजेचा विचार करता उगीच लांबवायला नको, एवढेच.

एक शंका. भट्टीतून काढल्यावर पट्टीवर खपली येते. ती मी नेहमीप्रमाणे ॲसिडमध्ये बुडवून काढू का?

कणसीमा

कृपया ॲसिड नको, काका. ॲसिडमधून पोलादात हायड्रोजन शिरतो, आणि इतक्या सामर्थ्याच्या, मार्टेन्साइट असलेल्या किंवा ताणामुळे मार्टेन्साइट होणाऱ्या पोलादाला तो फार बाधतो. पट्टी आज चांगली दिसते आणि दोन दिवसांनी ताणाखाली आपोआप तडकते. खपली सावकाश, पाणी सोडत घासून काढू.

काळी_जमीन

आता माझा मूळ प्रश्न. आमच्या भागातल्या काळ्या जमिनीत रोटाव्हेटरची पाती झिजतात, आणि बांधाकडच्या दगडाला लागली की तुटतात. झीज कमी करायला कडक पाते घेतले तर ते तुटते, मऊ घेतले तर एका हंगामात अर्धे होते. तुम्ही सांगता ते पोलाद यावर उपाय ठरेल का?

भट्टीकाम

भाऊ, हा प्रश्न माझ्याही मनात होता, पण घाईने हो म्हणणार नाही. बोरॉन पोलादाचे पाते नीट विझवले आणि नीट टेंपर केले, म्हणजे ठिसूळपणा जावा म्हणून पुन्हा थोडे तापवले, तर दोन्ही गोष्टी बऱ्यापैकी सांभाळते. माझ्याकडे तुटून आलेल्या पात्यांपैकी बरीचशी टेंपरिंग न केलेली किंवा घाईने केलेली असतात. आधी ते सुधारू या.

निवृत्त_धातुतज्ज्ञ

भट्टीकाम यांच्याशी मी सहमत आहे. मातीतली झीज ही मुख्यतः पृष्ठभागाच्या कडकपणावर ठरते, आणि ६४० ची पट्टी पात्याच्या मानाने मऊ आहे. दगडाच्या आघाताने तिच्यातले ऑस्टेनाइट कडक होईल, पण बारीक मातीच्या घासण्याने किती होईल, हे शेतात लावून पाहिल्याशिवाय सांगणे बरोबर नाही. ज्या कामात मोठी ऊर्जा शोषत पत्र्याने घडी व्हायचे असते, जसे मोटारीच्या सांगाड्यात, तिथे या पोलादाचे खरे स्थान आहे. तिथेही थंड लाटलेल्या पत्र्यात एक दोष येतो: ताणायला सुरुवात होताच पत्रा एकसारखा न लांबता पट्ट्यापट्ट्यांनी लांबतो आणि पृष्ठभागावर वळ उमटतात. गरम लाटलेल्या पट्टीत फेराइट आणि ऑस्टेनाइट चिपांसारखे लांबट असतात, तिथे हा त्रास कमी असतो. थंड लाटून मग तापवले की कण गोलसर होतात, आणि तिथे तो जास्त दिसतो.

वैनगंगा

सामर्थ्याची मर्यादा किती गाठता येते, यासाठी एक उल्लेख करतो. हाँगकाँग विद्यापीठातील गटाने २०१७ मध्ये १० टक्के मँगनीजच्या पोलादात २.२ गिगापास्कल (२२०० मेगापास्कल) नतिसामर्थ्य, म्हणजे कायमचे वाकू लागण्याआधी पेलता येणारा ताण, आणि १६ टक्के एकसमान लांबीवाढ मिळवली. त्यात ॲल्युमिनियम आणि थोडे व्हॅनेडियमही होते, आणि लाटण्याचे बरेच टप्पे होते. ऑस्टेनाइट योग्य प्रमाणात पक्के करण्याची युक्ती त्यातही होती.

भट्टीकाम

तीन आठवड्यांनी पुन्हा लिहितो आहे. आम्ही दुसरी फेरी केली, तिची हकीकत.

या वेळी ६२०, ६४० आणि ६६० अंशांवर प्रत्येकी सहा तास धरले. पट्ट्या भट्टीच्या मधोमध ठेवल्या आणि थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) थेट पट्टीला बांधला, कारण भट्टीच्या भिंतीवरचा आकडा आणि पट्टीचे तापमान यांत फरक असतो हे मला आधीपासून माहीत आहे. थंड झाल्यावर प्रत्येक पट्टीचे दोन तुकडे केले आणि कडकपणा मोजला. ६६० ची पट्टी बाकी दोघींहून स्पष्टपणे कडक निघाली.

मग कणसीमा ताईने सुचवले, की एक तुकडा द्रव नायट्रोजनमध्ये बुडवून बघू. ऑस्टेनाइट कच्चे असेल, तर उणे १९६ अंशांवर ते मार्टेन्साइट होईल आणि कडकपणा वाढेल. नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न होता. गुरांच्या कृत्रिम रेतनासाठी नायट्रोजनचे पात्र घेऊन फिरणारे एक ओळखीचे कार्यकर्ते आहेत, त्यांनी जुन्या पात्रात थोडा नायट्रोजन आणून दिला. हातमोजे घालून, दारे-खिडक्या उघड्या ठेवून हे काम केले.

६२० च्या तुकड्याचा कडकपणा होता तसाच राहिला. ६४० चा अगदी किंचित वाढला. ६६० चा ठळकपणे वाढला. सूत्रावर जे वाचले होते, ते डोळ्यांनी पाहिले. सहा तासांची ६२० ची पट्टी आता चीर न पडता पूर्ण वाकते, म्हणजे पहिल्या फेरीत ६०० ला कमी पडले ते तापमान आणि वेळ दोन्ही असावेत.

निवृत्त_धातुतज्ज्ञ

उत्तम प्रयोग. आता एकच विनंती आहे. पहिल्या फेरीतल्या ७२० च्या पट्टीचे तुटलेले तुकडे भंगारात टाकले नसतील, तर तेच पुन्हा ६२०–६४० वर सहा तास धरून पाहा. ते तुकडे जवळजवळ संपूर्ण मार्टेन्साइट आहेत, आणि त्याच्या बारीक चिपांच्या सीमांवर ऑस्टेनाइट उगवायला इतकी चांगली जमीन दुसरी नाही.

भट्टीकाम

तुकडे ठेवलेले होते. काल रात्री ६३० वर सहा तास धरले आणि आज सकाळी कणसीमा ताईसमोरच व्हाइसमध्ये घेतले. लांबट तुकडा होता तो काटकोनापर्यंत वाकवला. चीर नाही. मग वाकलेल्या जागी कानस लावून पाहिली, तर तिथे ती घसरत होती आणि दोन्ही टोकांना नीट लागत होती.

ताई तुकडा प्रयोगशाळेत घेऊन गेली आहे. वाकलेल्या आणि न वाकलेल्या भागांतल्या ऑस्टेनाइटचे आकडे आले की ती इथे लिहील.